मिरचीवर मावा, खोडावर मुंगळ्यांची रांग: फाल्गुनातली गच्चीवरची बाग कशी सांभाळता?

वाफा (पुणे) · २ मार्च

आमच्या गच्चीवर बत्तीस कुंड्या आणि तीन लांबट वाफे आहेत. मिरची, वांगी, टोमॅटो, भेंडी, वेलाला दोडका आणि कारलं, एका ड्रममध्ये कागदी लिंबू. संक्रांतीपर्यंत सगळं दृष्ट लागण्यासारखं होतं. थंडी ओसरली, दुपारचं ऊन चटकायला लागलं आणि दोन आठवड्यांत चित्र पालटलं. मिरचीचे शेंडे हाताला चिकट लागतात. पान उलटलं की हिरवट-काळे बारीक जीव एकाला एक लागून बसलेले दिसतात आणि खोडावरून मुंगळ्यांची ये-जा चालू असते. वांग्याचे दोन शेंडे मान टाकून बसलेत. लिंबाची कोवळी पानं कोणीतरी कडेने कातरल्यासारखी खाल्लीत.

गेल्या वर्षी याच दिवसांत मी एका दुकानातून औषधाची बाटली आणली होती. "कशावरही मारा, सगळं साफ होईल," असं सांगून त्यांनी ती दिली. आठ दिवस खरंच साफ होतं. मग वांग्याची पानं पिवळ्या टिपक्यांनी भरली, मागे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू आले आणि मावाही दुप्पट होऊन परतला. त्याहून जास्त मनाला लागलं ते वेगळंच. फवारलं त्या संध्याकाळी लेकीने मोरीच्या तोंडाशी सात ढालकिडे (लेडीबग) मरून पडलेले दाखवले. ती त्यांना रोज मोजायची.

यंदा बाटली आणायची नाही, हे ठरलंय. पण हातावर हात ठेवून झाडं जाऊ द्यायचीही नाहीत. तुम्ही काय करता? "नीम तेल मारा" एवढ्यावर थांबू नका. किती, कधी, कसं हे सांगा.

खिडकीतली बाग (दादर) · २ मार्च

माझ्याकडे बाग म्हणजे ग्रिलमधल्या अकरा कुंड्या. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दरवर्षी येतो. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन एकेक पुसून काढते. अकरा कुंड्यांना हे जमतं, बत्तिसांना किती जमेल ते सांगता येत नाही. मुंगळ्यांचा बंदोबस्त मात्र आधी करा. कुंडीचं स्टँड पाण्याच्या ताटलीत ठेवलं तेव्हापासून माझा निम्मा त्रास कमी झाला. ताटलीतलं पाणी दोन दिवसांनी बदला, नाहीतर डास होतील.

बांधावरचा (अहिल्यानगर जिल्हा) · २ मार्च, रात्री

वाफाताई, मी तीस वर्षं भाजीपाला करतोय. शेतातलं गणित गच्चीवर जसंच्या तसं चालत नाही, पण कीड तीच आहे आणि तिचा स्वभावही तोच. जरा सविस्तर लिहितो.

मिरचीवर तुम्हाला दिसतोय तो मावा. आम्ही त्याला चिकटा पण म्हणतो. मादी नराशिवाय थेट पिल्लं घालते आणि ती पिल्लं आठ-दहा दिवसांत स्वतः पिल्लं घालायला लागतात. म्हणून सोमवारी चार दिसले तर पुढच्या सोमवारी शेंडा भरलेला असतो. गर्दी झाली की पंखवाले मावे तयार होतात आणि शेजारच्या झाडावर जातात. तो रस पितो आणि जास्तीचा गोड रस मागून सोडतो. तुमच्या बोटाला लागतं ते चिकट तेच. पुढे त्यावर काजळी धरते, पान काळं पडतं आणि त्याचं काम मंदावतं.

मुंगळे त्या गोडासाठी येतात. गुराखी गुरं राखतो तसा ते मावा राखतात. ढालकिडा आला की त्याला चावून हुसकावतात. त्यामुळे खिडकीतली बाग यांचं बरोबर आहे, पहिला घाव मुंगळ्यांच्या रस्त्यावर घाला. कुंड्या भिंतीला किंवा एकमेकींना टेकलेल्या असतील तर दूर करा. नाहीतर ताटली ठेवूनही ते पानापानांवरून पूल करतात. ड्रमातल्या लिंबाला खोडाभोवती कागदाची पट्टी गुंडाळा आणि तिच्यावर ग्रीस लावा. ग्रीस थेट सालीला लावू नका.

मग साधं पाणी. सकाळी पाइपच्या तोंडावर अंगठा धरून पानांच्या खालून जोरात मारा. मावा खाली पडला की बहुतेक परत चढत नाही, त्याची सोंड तुटते. तीन दिवस लागोपाठ करा. कोवळी रोपं असतील तर शेंडा तळहातावर धरून धुवा.

त्यानंतरही राहिला तर नीम. एक लिटर कोमट पाणी, ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि आदल्या रात्री भिजवलेल्या चार-पाच रिठ्यांचं पाणी. तेल आधी रिठ्याच्या पाण्यात घोटून दुधासारखं पांढरं करा, मग बाकीच्या पाण्यात मिसळा. वर तेलाचा तवंग दिसला तर फवारू नका, पान करपेल. ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूला मारा. त्यातला कामाचा भाग उन्हाने लवकर मोडतो आणि सकाळी मधमाश्याही फुलांवर असतात. नीमने कीड लगेच टपकन मरत नाही. ती खाणं सोडते, तिची कात नीट पडत नाही. चार-पाच दिवस धीर धरा. दुसऱ्याच दिवशी "काही झालं नाही" म्हणून दुप्पट मारणारे झाड जाळतात.

वांग्याचा मान टाकलेला शेंडा म्हणजे आत अळी आहे. सुकलेल्या भागाच्या खाली दोन बोटं हिरवं लागेपर्यंत कापा आणि शेंडा उभा चिरून बघा. आत फिकट गुलाबी अळी सापडेल. शेंडा कुंडीत टाकू नका, साबणाच्या पाण्यात बुडवा. हा शेंडा आठवड्यात कापला तर अळी फळात जात नाही. या किडीवर यापेक्षा चांगला उपाय मला तीस वर्षांत सापडला नाही.

आणि एक विनंती. पानावर काळसर, अंगावर नारिंगी ठिपके असलेली, छोट्या मगरीसारखी लांबट अळी दिसली तर मारू नका. ते ढालकिड्याचं पिल्लू आहे. मोठ्या ढालकिड्याला सगळे ओळखतात, पिल्लाला कोणी ओळखत नाही. एक पिल्लू मोठं होईपर्यंत शेकडो मावे खातं.

वाफा · ३ मार्च

दादा, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि पोटात गोळा आला. तशा दोन अळ्या मी परवाच चिमटीत धरून मारल्या. मला वाटलं मिरची खाणारी एखादी नवीन कीड आली. आज सकाळी भिंग घेऊन बसले तेव्हा कारल्याच्या पानामागे पिवळ्या, उभ्या, टोकदार अंड्यांचा पुंजका दिसला. ढालकिड्याची अंडी अशीच असतात का?

बांधावरचा · ३ मार्च

हो ताई, अशीच. गव्हाचे दाणे उभे करून ठेवल्यासारखी दिसतात. ते पान तसंच राहू द्या. त्या बाजूला नीमही नको.

पळसफूल (नागपूर) · ४ मार्च

इथेच विचारते. माझ्या मिरचीची पानं आक्रसून गेलीत. कोणी चुरडा-मुरडा म्हणतं, कोणी बोकड्या. शेजारच्या काकू म्हणतात रोग आहे, उपटून टाक. दुकानात म्हणतात कीड आहे. आमच्याकडे आत्ताच पारा ३६ च्या वर आहे.

बियाण्याची डबी (सातारा) · ४ मार्च

पळसफूल, पान कुठल्या बाजूला वळलंय ते बघा. कडा वर उचलून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे. कडा खाली वळल्या, होडी उलटी झाली आणि देठ लांबलेला वाटला तर कोळी, म्हणजे घरातला जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस पिणारा अगदी बारीक कोळी. खात्री करायला पांढरा कागद शेंड्याखाली धरून टिचकी मारा. फुलकिडे पिवळट, दोऱ्याच्या तुकड्यासारखे, कागदावर सरसर चालताना दिसतात.

तिसरी शक्यता म्हणजे विषाणू. त्यात नवी पानं बारीक, पिवळसर, झाड खुजं आणि फूल धरत नाही. हा विषाणू पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. त्याला कुठलंच औषध नाही, तेव्हा फक्त याच बाबतीत काकूंचं ऐका. भेंडीचा केवडाही तसाच. पानाच्या शिरा पिवळ्या झाल्या की झाड काढून टाकायचं, दया दाखवली तर सगळी रांग जाते.

फुलकिड्यांना निळे चिकट कार्ड, पांढऱ्या माशीला पिवळं. दहा बाय दहाच्या गच्चीला दोन-तीन पुरेत. जास्त लावली तर ढालकिडे आणि बारीक गांधीलमाश्याही चिकटतात. कीड आली का हे कळायला कार्ड लावायचं, कीड संपवायला नाही. कोळ्यांसाठी पाण्याचा फवारा पानाखालून रोज, आणि दुपारी १२ ते ४ शेडनेट. झाड तहानलेलं असलं की कोळी फोफावतो. गंधकाची भुकटी कोळ्यावर चालते, पण नागपूरच्या उन्हात नको, पानं करपतील.

पळसफूल · ४ मार्च

होडी वर वळलेली आहे आणि कागदावर सात-आठ जण पळाले! फुलकिडेच. झाड वाचलं, उपटणार होते.

हिशोबी (पिंपरी-चिंचवड) · ५ मार्च

थोडं वेगळं मत मांडतो. सगळे उपाय मीही केले. ताक, गोमूत्र, दशपर्णी, लसूण-मिरचीचा ठेचा, सगळं. दोन वर्षं टोमॅटो हातचे गेले. घरच्या चार माणसांना भाजी पिकवायची असेल तर एखादं औषध नेमकं मारण्यात पाप नाही असं मला वाटतं. सेंद्रियच्या हट्टापायी रोपं मरताना बघवत नाहीत.

बांधावरचा · ५ मार्च

हिशोबीभाऊ, तुमचा राग कळतो. मीही शेतात गरज पडली की औषध वापरतो, ते लपवत नाही. पण शेतात तोडणी आणि फवारणी यांत किती दिवस सोडायचे ते लेबलवर असतं आणि ते पाळता येतं. कुंडीतली मिरची आपण पोहे करताना जाऊन तोडतो. फवारल्यावर आठ दिवस हात लावायचा नाही, हे घरात कोण लक्षात ठेवणार? लेकरं गच्चीवर खेळतात, ते वेगळंच.

वाफाताईंच्या गोष्टीत दुसरी अडचण आहे. कोळी हा कीटक नाही, त्याला आठ पाय असतात. कीटकांवरच्या बऱ्याच औषधांनी तो मरत नाही. त्याला खाणारे मरतात. म्हणून फवारणीनंतर कोळी उसळला.

टोमॅटो कशाने गेले ते सांगाल का? पानावर काय होतं?

हिशोबी · ५ मार्च

पानावर पांढरट पापुद्रे. नागअळी म्हणून निंबोळी अर्क मारला, काही फरक नाही. नंतर फळाला देठाजवळ टाचणीएवढी भोकं.

बियाण्याची डबी · ६ मार्च

मग ती साधी नागअळी नसावी. नागअळीची रेघ नागमोडी, बारीक असते, पेन्सिलने गिरगिटल्यासारखी. ती पानातच राहते, फळाला हात लावत नाही. तुम्ही सांगताय तसे रुंद पापुद्रे, उजेडात धरलं तर आत काळी विष्ठा, आणि देठाजवळ भोकं, ही टुटा ॲब्सोलुटाची लक्षणं. मूळची दक्षिण अमेरिकेतली कीड. भारतात ती पहिल्यांदा सापडली तीच आपल्या पुण्यात, ऑक्टोबर २०१४ मध्ये. त्यामुळे तुमच्या गच्चीवर ती असणं नवल नाही.

तिच्यासाठी नर पतंगांना ओढणारा कामगंध सापळा मिळतो. रोप लावतानाच लावा. पापुद्रा दिसला की पूर्ण पान तोडून प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून उन्हात ठेवा. आणि टोमॅटो त्याच मातीत परत लावू नका, कोष मातीत असतात. पुढच्या खेपेला तिथे पालेभाजी घ्या. तुमचं चुकलं नाही, कीड ओळखताच आली नव्हती.

हिशोबी · ६ मार्च

पुण्यातच पहिल्यांदा सापडली हे माहीत नव्हतं. मनापासून आभार. दोन वर्षं स्वतःला दोष देत होतो.

आमराई (रत्नागिरी) · ७ मार्च

दोडका-कारल्याचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. वाफा, आता फूल लागलं असेल तर फळमाशीची तयारी आत्ताच करा. ही माशी कोवळ्या फळात सुई खुपसून सालीखाली अंडी घालते. त्या जागी डिंकासारखा थेंब येतो, फळ तिथे वाढत नाही आणि कारलं त्या बाजूला वाकडं होतं. आत अळ्या झाल्या की कुठलंही औषध पोचत नाही.

मी काय करते: फळ बोटाएवढं झालं की जुन्या साडीच्या मलमलीची पिशवी चढवून देठाशी सैल बांधते. गेल्या वर्षी सत्तर पिशव्या शिवल्या. खाली पडलेलं, सडकं फळ एक दिवसही राहू देत नाही, कारण अळी त्यातून निघून मातीत कोष करते. कंपोस्टमध्ये तर अजिबात नाही.

सापळ्याच्या बाबतीत लोक फसतात. आंबा, पेरू, चिकूच्या फळमाशीला मिथाइल युजेनॉलचा सापळा लागतो. दोडका, कारलं, काकडीच्या माशीला क्यू ल्यूर. उलटं लावलं तर महिनाभर रिकामा सापळा बघत बसाल. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला रक्षक सापळा आमच्याकडे बागायतदार आंब्यात टांगतात. दोन्ही सापळ्यांत फक्त नर येतात, म्हणून पिशव्या लागतातच. आमची आजी आंब्याच्या बुंध्याशी तुळस लावायची. पुढे कळलं की तुळशीच्या पानांतही मिथाइल युजेनॉल असतं.

खिडकीतली बाग · ७ मार्च

सत्तर पिशव्या! आमराईताई, एखादीचं माप द्या ना.

आमराई · ७ मार्च

कारल्याला वीत बाय चार बोटं, दोडक्याला हातभर लांब. तळ पूर्ण शिवू नका, कोपऱ्यात करंगळीएवढं सोडा, पाणी साचत नाही.

ठाण्याची पालवी · ९ मार्च

ऑनलाइन ढालकिडे विकत मिळतात असं वाचलं. मागवावेत का?

बियाण्याची डबी · ९ मार्च

द्राक्षबागेत पिठ्या ढेकणासाठी क्रिप्टोलेमस नावाचा ढालकिडा सोडतात, तिथे त्याला एकरभर खाणं असतं. गच्चीवरून तो दुसऱ्या दिवशी उडून जाईल. त्यापेक्षा तो स्वतःहून येईल असं करा. कोथिंबीर मार्चमध्ये फुलावर जातेच, ती उपटू नका. त्या पांढऱ्या छत्र्यांवर सिरफिड माशा आणि केसाएवढ्या गांधीलमाश्या मध प्यायला येतात आणि अंडी घालतात, माशी माव्याशेजारी, गांधीलमाशी माव्याच्या अंगात. बडीशेपही चालेल. एका कुंडीत चवळी लावा. चवळीवर मावा लवकर येतो, त्यामागे ढालकिडे येतात आणि मग मिरचीकडे वळतात. विदर्भात कपाशीत चवळीच्या ओळी याचसाठी घेतात.

योग्य कीटक मिळाला तर काय होतं ते पपईत दिसलं. पपईचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला आढळला आणि झपाट्याने पसरला. पपई, तुती, जास्वंद, काही सोडलं नाही. औषधं मारून लोक थकले, कारण अंगावर मेणाचा थर. मग २०१० मध्ये बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने प्युर्टो रिकोहून त्याच किडीवर जगणारी डोळ्यांना जेमतेम दिसणारी गांधीलमाशी आणून सोडली आणि पुढच्या एक-दोन हंगामांत कीड आटोक्यात आली. माझ्या मामांची पपई त्याच काळात वाचली. म्हणून बारीक उडणारं काही दिसलं की लगेच मारायला धावायचं नाही, हे मी तेव्हा शिकले.

गार्डन स्टेटातली मेथी (न्यू जर्सी) · १० मार्च

आमच्याकडे अजून रात्री पारा शून्याखाली जातो. मिरची-वांग्याची रोपं खिडकीत दिव्याखाली आहेत, मेच्या मध्याआधी बाहेर काढता येत नाहीत. गंमत म्हणजे घरातल्या रोपांवरही मावा आहे! बाहेर ढालकिडे तरी असतात, इथे कोण येणार. दादांनी सांगितल्याप्रमाणे नळाखाली शेंडे धुतले, दोन दिवसांत फरक पडला. इथला खरा त्रास जूनअखेरीचा, जपानी भुंगे. अमेरिकेत ते पहिल्यांदा १९१६ मध्ये याच राज्यात सापडले. भेंडीच्या पानांची चाळणी करतात. सकाळी गारठ्यात ते सुस्त असतात, तेव्हा साबणाच्या पाण्याचं भांडं खाली धरून पान हलवायचं. भेंडीसाठी एवढं करते, कारण इथे कोवळी भेंडी दुकानात मिळत नाही आणि आईच्या हातच्या चवीची भाजी जून भेंडीची होत नाही.

बांधावरचा · १० मार्च

मेथीताई, रोपांना खत किती घालता? घरातल्या उबेत नत्र जास्त झालं की वाढ लुसलुशीत होते आणि मावा अशाच पानांवर बसतो. इथल्या सगळ्यांनाच सांगतो, फेब्रुवारीनंतर शेणखत, गांडूळखत मुठीने घालू नका, चमच्याने घाला. निंबोळी पेंड कुंडीला दोन चमचे, महिन्यातून एकदा.

वाफा · १३ मार्च

लिंबाचा चोर सापडला. पानावर पक्ष्याची विष्ठा पडलीय असं वाटलं, म्हणून काडीने काढायला गेले तर ती हलली. काळी-पांढरी अळी! दोन पानं सोडून तिची मोठी बहीण, अगदी पोपटी. तिला काडी लावली तर डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेलं शिंग बाहेर आलं आणि उग्र वास सुटला. लेक दोन पावलं मागे सरली आणि मग तिथून हलेचना.

आमराई · १३ मार्च

लिंबावरच्या फुलपाखराची अळी. काळं-पिवळं, भिरभिरणारं फुलपाखरू होतं त्याचं. ड्रममधलं लिंबू मोठं असेल तर चार अळ्यांनी काही होत नाही. लहान असेल तर उचलून कढीपत्त्यावर ठेवा, त्यावरही जगते. मी परसात एक कढीपत्ता त्यांच्याच नावाने सोडलाय.

वाफा · २६ मार्च

तीन आठवड्यांनी लिहितेय.

मिरची: मुंगळ्यांचा रस्ता बंद, तीन दिवस पाणी, एकदाच नीम. कारल्याच्या पानामागची ती अंडी फुटली. लेकीने काल अकरा मगरी मोजल्या. मावा अजून आहे, पण शेंड्यावरून मागे सरलाय आणि नवी पानं स्वच्छ आहेत. पहिली तोडणी पाव किलो.

वांगी: पाच शेंडे कापले. तिघांत अळी होती, दोघांत नव्हती, ती बहुधा पाण्याची ताण होती. आता कापण्याआधी माती बघते.

दोडका: आईच्या जुन्या नऊवारीच्या वीस पिशव्या झाल्या. दोन फळं पिशवीआधीच टोचली गेली, बाकी सरळ वाढताहेत.

टोमॅटोची दोन झाडं गेली. पापुद्रे, काळी विष्ठा, देठाजवळ भोकं, हिशोबींनी सांगितलं तेच. वाईट वाटलं. माती मोकळी करून उन्हात पसरलीय.

लिंबाच्या चार अळ्या कढीपत्त्यावर. एक भिंतीला चिकटून कोष होऊन बसलीय, तिच्याजवळ कोणी झाडू लावायचा नाही असा घरात नियम झालाय.

आता एकच प्रश्न उरलाय. बाजारातल्या तेलाऐवजी घरी निंबोळी अर्क करायचा तर निंबोळ्या कधी आणि कशा जमवायच्या? सोसायटीच्या फाटकापाशी मोठा कडुनिंब आहे.

बांधावरचा · २७ मार्च

आत्ता त्याला मोहोर असेल. जूनमध्ये पिवळ्या होऊन आपोआप पडतात, तेव्हा रोज सकाळी वेचा, ओल्यात पडून राहिल्या तर बुरशी धरते. गर पाण्यात चोळून काढा, बिया सावलीत कडकडीत वाळवा आणि तागाच्या पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये घाम धरतो. वापरायच्या आदल्या रात्री ५० ग्रॅम बियांची भरड फडक्यात बांधून एक लिटर पाण्यात भिजवा, सकाळी पिळून फडक्याने दोनदा गाळा, रिठ्याचं पाणी घाला आणि त्याच संध्याकाळी संपवा. उरलेला चोथा कुंडीत.

वाफा · २७ मार्च

वॉचमनकाकांना आजच सांगून ठेवलं, जूनमध्ये झाडाखाली झाडायच्या आधी मला हाक मारा. ते म्हणाले, गावाकडे त्यांची आई धान्यात घालायला हाच पाला ठेवायची, वेचायला तेही येतील.